कानाचं मशीन माझ्या पर्समध्ये होतं

आधीच सांगते, आमच्या घरात भूत, अंगात येणं, लिंबू-मिरची यातलं काही चालत नाही. आम्ही बौद्ध. वाशिम सोडून मुंबईत आल्यापासून बाबांनी या सगळ्यावर फुली मारलेली. या सदरातले अनुभव मी स्वतः हसत वाचायचे. एकदा तर एकीला कळवलंही होतं, "गोळ्या वेळेवर घेत चला." आता तुम्ही मला तेच म्हणालात तर तुमचा हक्कच आहे.

मी अंधेरीला एका ऑफिसात काम करते. कॉम्प्युटरला काही नवीन जोडलं, प्रिंटर, हेडफोन, काहीही, की कोपऱ्यात एक चौकोन उघडतो ना? त्यातलं मराठी आम्ही लिहितो. तुम्ही ते वाचत नाही, माहितेय मला. वाचण्यासारखं असतंच कुठे! "नवीन उपकरणाकडून युग्मन विनंती प्राप्त झाली आहे. स्वीकारावी?"... साध्या जोडणीला युग्मन! पन्नाशी उलटली माझी, एका जिवंत माणसाच्या तोंडून हा शब्द ऐकला नाही. पण शब्द ठरलेले असतात, बदलले की वरून शेरा येतो. मी कधी भांडले नाही. गप्प बसून पगार घेतला.

बाबा माझ्याजवळच राहतात, मुलुंड पूर्वेला. कान जवळजवळ गेलेत. मशीन लावलं तर ऐकू येतं, नाहीतर दारावरची बेलही नाही. स्पीकरवरचं बोलणं मात्र मशीन लावूनही त्यांना उमगत नाही; ते मशीन बिनवायरचं कॉम्प्युटरला जोडलं की आवाज थेट कानात येतो. त्यावर दर आठवड्याला ते वाशिमला माझ्या आत्याशी बोलायचे, तिचा चेहरा बघत. दोघंच उरलेले, बहीण-भाऊ.

आत्याची एक सवय सांगायलाच हवी. ती कुणाच्याही घरात विचारल्याशिवाय पाय टाकायची नाही. लहानपणी गावात लोकांच्या ओट्यापाशी उभं राहून विचारायला लागायचं, आणि "नाही" ऐकून परत फिरायचं. ते तिच्यात इतकं मुरलं होतं की मुलुंडला आमच्या उघड्या दारातसुद्धा चपला काढून बाहेर थांबायची.

"नाम्या, येऊ काय रे आत?"

बाबा भडकायचे. "ये ना वं बाई! भावाच्या घरात इचारतं काय?"

तरी पुढच्या वेळी ती विचारायचीच.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते.

आत्या फार आजारी होती. त्या दिवशी तिच्या सुनेने बाबांना कॉल लावून दिला, फोन उशीला टेकवला आणि ती पेज आणायला आत गेली. इकडे काय बिनसलं कोण जाणे, कॉम्प्युटर बाबांचं मशीन विसरला आणि नव्याने परवानगी मागायला लागला. माझाच चौकोन. माझंच युग्मन. फसवणुकीच्या भीतीने मीच बाबांना पढवून ठेवलं होतं, "अनोळखी काही आलं, कळलं नाही, की सरळ नाकारायचं." तरी त्यांनी आधी मला स्क्रीनचा फोटो पाठवला. "हे काय आहे? काय दाबू?"

मी मीटिंगमध्ये होते. मीटिंगचा विषय होता — हसू नका — असे संदेश लोकांना सोपे कसे वाटतील! टेबलाखाली मोबाईल धरून, फोटो न उघडताच मी लिहिलं, "नाकारा. आल्यावर बघते."

बाबांनी नाकारलं. आत्या बोलत राहिली, बराच वेळ. बाबा तिचे ओठ बघत मान डोलवत राहिले. दोन दिवसांनी ती गेली. सुनेनेही काही ऐकलं नव्हतं. आपली बहीण शेवटचं काय बोलली हे बाबांना कधीच कळणार नव्हतं. आणि मी काय सांगितलं त्यांना? "मशीन खराब झालं असेल, बाबा."

काही महिन्यांनी ते मशीन खरंच बंद पडलं. दुरुस्तीला न्यायचं म्हणून मी ते डबीत घालून पर्समध्ये ठेवलं होतं. सुट्टीचा दिवस, भर दुपार. बाबा हॉलमध्ये कॉम्प्युटरवर पेपर वाचत होते, मी ओट्याशी कुकर लावत होते. काही जोडलं गेलं की वाजतो तो 'टुडुंग' आवाज आला. मी हॉलच्या दारात आले.

कोपऱ्यात चौकोन होता. आमचाच रंग, आमचीच अक्षरं.

"नाम्या, येऊ काय रे आत?"

खाली एकच बटण — "ये". नाकारायला काहीच नव्हतं.

बाबांनी ते दाबलं, अगदी शांतपणे. मग खुर्चीत मागे टेकले आणि ऐकू लागले. कान उघडे, मशीन माझ्या पर्समध्ये. मला स्पीकरमधून अक्षर ऐकू आलं नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, बाबांनी वळून पाहिलं नाही. मी "बाबा!" म्हणून ओरडले, तरी नाही. पण कुणाला तरी ते ऐकत होते, मध्येच हसत होते.

"नाही वं बाई, राग कायचा? मले आयकूच नाही आलं त्या दिवशी."... मग थोडं थांबून, "नको, पोरीले काही म्हणू नको. कामात होती ते."

मी त्यांच्या खुर्चीपाशी गेले.

परत 'टुडुंग' झालं, उतरत्या सुरात. चौकोन गेला. जोडलेल्या वस्तूंमध्ये मी पाहिलं, एक माउस सोडून काही नाही. पर्स उघडली. डबी बंद, मशीन आत, मेलेलं.

मोबाईलवर लिहून मी बाबांना विचारलं, आत्या काय म्हणाली?

"ते आमचं बहीण-भावाचं आहे," बाबा मोठ्याने म्हणाले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "आणि तू रडू नकोस. 'नाकारा' तूच लिहिलं होतंस ना? माझ्या मोबाईलमध्ये आहे की अजून. मशीन बरं होतं त्या दिवशी, मला काय कळत नाही होय गं?"

इतके महिने ते माझं खोटं सांभाळत बसले होते.

स्क्रीनशॉट मागू नका. बाप असा बोलत असताना मोबाईल उचलायचं सुचत नाही. ऑफिसात आमचा सगळा मजकूर शोधून काढला, ते वाक्य कुठेच नाही. आमच्या टीम लीडला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, इतकं कॅज्युअल कोण लिहिणार यार? क्लायंट मारेल आपल्याला!"

मारू दे. आपल्या बहिणीचे नुसते ओठ बघत बसायची वेळ त्या क्लायंटवर आली नाहीये. मी आता भांडते. नवीन वाक्य पाठवलंय, "तुमचं कानाचं मशीन जवळ आहे. जोडू का?" दोनदा परत आलं. त्या दुपारी काय झालं, हे कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा.

काल ते वाक्य तिसऱ्यांदा परत आलं. शेरा होता, "उपकरणे माणसांसारखी विचारत नाहीत. मूळ मजकूर ठेवावा."

मी खाली लिहिलं, "विचारतात." आणि चौथ्यांदा पाठवलं.