आम्ही बेटावर मदत नेली तेव्हा

मोरिवलीच्या आमच्या कंपनीत नवा माणूस आला की कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणतंच, "याला बेटाचे किस्से सांगा रे!" मग एकातून दुसरा निघतो, दर वेळी थोडा मसाला वाढतो. मीही सांगतो, लोकांना हसवतो. पण सांगून झालं की मला माझीच लाज वाटते.

झालं होतं असं, की पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं आणि कोकणातल्या एका छोट्या बेटावरच्या घरांची छपरं उडाली. आमचे पर्सोनेल मॅनेजर मोहितेसाहेब म्हणाले, "आपण जायचं!"

•

निघण्याआधी बेटावरच्या सरपंचांचा फोन आला. "साहेब, कपडे नकोत. पाऊस डोक्यावर आलाय. ताडपत्री आणा, बस."

साहेबांनी मीटिंग घेतली. "ताडपत्री काय, कुणीही देईल. आपण काहीतरी वेगळं देऊ!"

लॅबमधली प्रज्ञा म्हणाली, "सर, पण त्यांनी तेच मागितलंय."

"पॉइंट नोटेड," साहेब म्हणाले. आणि कपडे गोळा झाले! मी माझा लग्नातला कोट दिला.

•

उल्हासनगरला जीन्स शिवणाऱ्या नरेशभाईंनी चार पोती जीन्स पाठवल्या. होडीत चढवताना एक पोतं फाटलं. बघतो तर एकाही पँटला चेन नाही!

फोन लावला. नरेशभाई म्हणाले, "अरे साईं, सिर्फ चेन लगाना बाकी है. माल एक नंबर!"

आम्ही पोट धरून हसलो. आणि चारही पोती होडीत चढवली.

•

बेटाची जेट्टी वादळात गेली होती. गुडघाभर पाण्यातून चालत जायचं, आणि साहेबांचे बूट नवे. स्वतःची होडी फुटलेला एक सत्तरीचा कोळी पुढे आला आणि त्याने साहेबांना पाठुंगळी घेतलं!

मग तो माझ्यासाठी परत आला. मीही बसलो. माझे बूट तर जुनेच होते.

•

बदलापूरला पूर आला होता तेव्हा माझ्या घरात कमरेइतकं पाणी होतं. बिस्किटांचा पुडा हातात देऊन एक जण मला म्हणाला होता, "काका, कॅमेऱ्यात बघा." मी त्याला नको नको ते बोललो होतो.

बेटावर मोबाईल माझ्या हातात होता. एका म्हाताऱ्याला मी म्हणालो, "काका, जरा हसा की!" तो बिचारा हसला. दोनदा, कारण पहिला फोटो हलला होता.

•

दुपारी त्यांनी आम्हाला जेवू घातलं. भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण, अप्रतिम! मी दोनदा भात मागून घेतला. परतताना होडीत बसल्यावर प्रज्ञा म्हणाली, "अख्ख्या कोळीवाड्यात तेवढाच तांदूळ कोरडा राहिला होता. मी चुलीपाशी ऐकलं."

मला तोंड वर करवेना.

•

जेवणानंतर ग्रुप फोटो होता. त्यासाठी आम्ही बारा फुटी फ्लेक्स नेला होता: 'वादळग्रस्तांना मदतीचा हात', आणि शेजारी साहेबांचा हसरा चेहरा. तो बांबूंना बांधला, फोटो झाला आणि पावसाची सर आली. फ्लेक्सची खालची कड पुढे ओढून छपरासारखी बांधली आणि आम्ही सगळे त्याखाली शिरलो.

एक आजी तान्ह्या नातवाला पदराखाली घेऊन आत आली. तिने फ्लेक्सला खालून हात लावून पाहिला. पाणी ठिबकत नव्हतं.

"दादा, यो आमाला ठेवून जाल? सून बालंतीन हाय. वर छप्पर नाय."

प्रज्ञा म्हणाली, "सर, ठेवूया ना!"

"अगं, परवा हाच गेटवर लावायचाय. एमडी येणार आहेत," साहेब म्हणाले. "आजी, पुढच्या वेळी नक्की ताडपत्री आणू हां!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सोडा तो."

मी दोऱ्या सोडल्या. एवढा मोठा फ्लेक्स एकट्याला आवरेना. आजीने बाळ प्रज्ञाकडे दिलं, दुसरं टोक धरलं आणि म्हणाली,

"थांब रं, आदी पानी झटक. साहेबाचा तोंड खराब व्हईल."