कापसाच्या खोलीतली गोरी पोरगी

माझ्या पहिल्या मुलीचे पाय धनुष्यासारखे वाकू लागले, तेव्हा मी शेजारणींना कौतुकानं दाखवायची, "पाहा वं, पैलवानाचे पाय!" मी एकोणीस वर्षांची होते. अक्कल अजून माहेरीच राहिली होती.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. दिग्रसजवळ आमचं गाव. वेचलेला कापूस विकेपर्यंत घरातल्याच एका खोलीत भरायचा, म्हणून तिची खिडकी कायम बंद. पोरगी गोरीपान जन्मली होती. काळवंडली तर पुढं लग्नाचं कसं, या काळजीनं मी तिला त्याच अंधारात कापसाच्या ढिगावर लोळवायची. अंगणात न्यायचं तर टोपडं, दुपटं, वरून माझा पदर.

आमच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या एका बाईचं पोर मात्र शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उघडंनागडं खेळायचं. मी तिला हसायची, "काहून वं, पोट्टं भाजून राह्यली का?"

"उन्हानं पोट्टं मरत नाही, बाई."

दीड वर्ष झालं तरी मुलगी उभी राहीना. पायावर भार दिला की कळवळायची. दिग्रसच्या डॉक्टरांनी तिची मनगटं चाचपली, पाय पाहिले, म्हणाले, "मुडदूस."

मी भांडलेच. "तो उपाशी पोरायले होते! हिले वाटीभर दूध भेटते."

"आणि ऊन?"

मी पोरीला उचललं. बाहेर बाकावर येऊन बसले. शेजारी दुपट्यांत गुंडाळलेली, खात्यापित्या घरची लेकरं. काय वाटलं कोण जाणे, मी लाज सोडून एकेकाचं दुपटं वर केलं. वाकडे पाय. पुढच्याचेही वाकडे. एक आई सहज बोलली, "आमच्या घरी समद्यायचेच असे असते." मी माझ्या पोरीचं दुपटं सोडवलं.

डॉक्टरांनी माशाचं तेल दिलं नि ऊन सांगितलं. सासूबाई माशापेक्षा उन्हाला जास्त भ्याल्या. "पोट्टी काळी पडन. मंग कोन करन तिले?"

"उभीच नाही राह्यली तं कोन करन?" मी जन्मात पहिल्यांदा उलट बोलले.

दुसऱ्या सकाळी टोपडं न घालता तिला त्याच धुऱ्यावर नेलं. ती बाई हसली नाही. तिच्या जागी मी असते, तर पोट धरून हसले असते. ती एवढंच म्हणाली, "बसवा इथं."

रोज नेत राहिले. महिने गेले. एक दिवस माझी काळीसावळी पोरगी कापसाच्या पऱ्हाटीचं झाड धरून उभी राहिली. पाय तसेच वाकडे, लटलट कापत होते. पडेल म्हणून मी धावले, तर त्या बाईनं मागून माझा पदर ओढून धरला.

"आता तं उभी राहू द्या तिले, बाई!"