समारोपानंतरचा सोमवार

म्हात्रे मॅडम कुणाच्याही घरी मुलाखतीला गेल्या की बसायच्या आधी पाणी मागत. तहान असो वा नसो. मी त्यांच्या हाताखाली नवीन होते, तेव्हा एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "आपण नुसते प्रश्न घेऊन जातो. घरच्यांनी आधी आपल्याला काहीतरी दिलं की त्यांना जरा मोकळं वाटतं."

पनवेलला आमचं संशोधनाचं छोटं ऑफिस होतं. लहान वयात गुन्ह्यात सापडून निरीक्षणगृहात राहिलेल्या मुलांसाठी संस्था नाना योजना चालवत. त्यांचा खरंच उपयोग होतो का, हे तपासायचं काम आमचं. मॅडम उरणकडच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. ऑफिसात शुद्ध बोलत, पण गावात शिरल्या की त्यांचं 'हाय-नाय' सुरू होई. कुणी योजनेचं कौतुक करू लागलं की शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "समारोपाला सगळेच हसतात. त्यानंतरच्या सोमवारी काय झालं, ते सांगा."

एका संस्थेनं अशा मुलांना गाडीदुरुस्ती शिकवली होती. मुलंही मन लावून शिकली होती. पण वर्षभरानं शोधत गेलो, तर बरीचशी घरी बसलेली. उरणजवळच्या करंज्याला, त्यांतल्याच राकेशच्या (नाव बदललंय) आईनं वाळत घातलेली मासळी परतता परतता सांगितलं, "पोराला काम येतंय ओ मॅडम. पन कुटं चोरी झाली का पोलीस गॅरेजवर येतान. मालक कवर ठेवील त्याला?"

मॅडमनी हे अहवालात लिहिलं. संस्थेच्या चिटणीसांनी तेवढा भाग गाळायला सांगितलं. पुढची मदत अडेल अशी त्यांना भीती होती, आणि ती खोटी नव्हती. मॅडम रागावल्या नाहीत. "शिकवणं चांगलं आहे, हेही मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण हे गाळलं तर पुढच्या मुलांच्या वाट्यालाही हेच येईल."

अहवाल तसाच गेला. नंतर बरेच महिने आमच्याकडे नवीन काम आलं नाही. मला नोकरीची काळजी. मॅडम मात्र गॅरेजमालक, सुटलेल्या मुलांची जबाबदारी असलेले परिविक्षा अधिकारी आणि पोलिसांतले एक समजूतदार साहेब यांना एकत्र बसवायच्या खटपटीत. शेवटी बसले. चौकशी करायची तर परिविक्षा अधिकाऱ्यांमार्फत, कामाच्या जागी जायचं नाही, असं ठरलं. राकेश कामावर परतला. चिटणीसांनीही पुढे मालकांना भेटत राहणारा एक माणूस योजनेत नेमला. पुढच्या पाहणीत कामावर टिकलेली मुलं कितीतरी जास्त भेटली. मी खूश झाले, तर मॅडम म्हणाल्या, "अजून एक वर्ष जाऊ दे, मग परत बघू."

गेल्या वर्षी मॅडम नागपूरला शिकवायला गेल्या. त्यांच्या निरोपाला राकेश आला, हाताला ग्रीस तसंच. केक यायला उशीर होता. तो सारखा घड्याळाकडे बघत होता. थोड्या वेळानं उठलाच. "मॅडम, निघतो. मालक वाट बघत असल." मी त्याला थांबवायला गेले, तर मॅडमनी माझा हात धरला.

"जाऊ दे गं," त्या म्हणाल्या. "कुणीतरी त्याची वाट बघतंय."