भांडी आधी, धमाका नंतर

ओढ्यापलीकडच्या शेतकऱ्याने विहीर खोदायला काढली आणि माझ्या नव्या टाकीला तडा गेला. टाकी सिमेंटची, पिंपळवंडीतल्या माझ्या घरामागे, उघड्या कातळावर बांधलेली. आळेफाट्यावर जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करून हे घर मी उभं केलं. कुणाचा एक खिळाही फुकट घेतलेला नाही.

विहिरीत रोज दुपारी सुरुंग उडायचे. मी तडक बांधावर गेलो. तो शेतकरी वयाने मोठा, मी त्याला आण्णा म्हणतो. चार माणसं चहा पीत बसली होती. सौद्यात समोरच्याला आधी बोलू द्यायचं, हे मला पक्कं ठाऊक. पण डोकं तापलं की मी सगळं ओकून मोकळा होतो.

"आण्णा, तुमच्या सुरुंगानं टाकी तडकली माझी. रोज मांडणीवरची भांडी वाजत्यात, मंग धमाका ऐकू येतो."

"आधी काय व्हतं?"

"भांडी वाजत्यात."

"आन् धमाका?"

"मागनं."

आण्णाने कप खाली ठेवला. "मंग शेठ, सुरुंग उडायच्या आधीच भांडी वाजत्यात तुमची. त्याला मी काय करू? घरात उंदरं झाली का बघा."

"न्हाईतर सासू-सुनांचं काय चाललंय ते बघा, राव," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

हादरा कातळातून येतो, आवाज हवेतून. कातळातला कितीतरी वेगाने पोचतो, हे सांगून माझा घसा बसला. पण ज्याने हसवलं त्याचंच खरं ठरलं. विहीर अजून निम्मीच झाली होती. उरलेल्या सुरुंगांनी टाकी उभी चिरली असती.

मग मी आण्णाला जेवायला बोलावलं, तेही चारचौघांत, म्हणजे नाही म्हणता येऊ नये. मासवडीचा बेत केला. सुरुंगाची वेळ झाली तेव्हा त्यालाच आपल्या धाकट्या भावाला फोन लावायला सांगितलं. भाऊ विहिरीजवळच आडोशाला उभा होता. फोन स्पीकरवर करून दोघांच्या ताटांमध्ये ठेवला.

फोनमधून धडाड झालं. त्याच दमात बुडाखालची फरशी थरथरली, वाटीतला रस्सा हलला, मांडणी वाजली. आण्णाचा घास हातातच राहिला. आणि मग, सगळं शांत झाल्यावर, ओढ्याकडून धमाका आला.

आण्णा फोनवर ओरडला, "दोनदा उडवलं का रं?"

"न्हाई, एकदाच. का?"

आण्णाने जेवण उरकलं. जाताना टाकीपाशी थांबला, तड्यावरून बोट फिरवलं. "तुमी खोटं बोलता असं म्या कवा म्हणलं?"



त्यानंतर सुरुंग बंद झाले. ब्रेकर लावलेला पोकलेन आला आणि खडक फोडू लागला. तडा माझा मीच बुजवून घेतला.

पुढच्या आठवड्यात फाट्यावरच्या टपरीत आण्णा लोकांना सांगत होता, "खाली खडक लई मऊ लागला. सुरुंगाची गरजच न्हाई ऱ्हायली." मी मागेच उभा होतो. त्याने वळून पाहिलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

तोंडाशी सगळं आलं होतं. पण त्याला तिथे खोटा पाडला असता, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग उडाले असते. मी चहा घेतला.

"खरंय आण्णा," म्हणालो, "लई मऊ खडक हाय."