आहुप्यापुढची वाट

चर्चची घंटा सावकाश, एकेक ठोका देत वाजायला लागली की आमच्या नंदाखालला माणसं हातातलं काम थांबवतात आणि कोण गेलं असेल याचा अंदाज घेतात. त्या दिवशी मी पाचवीला भागाकार शिकवत होतो. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. घंटा ऐकून मुलं खिडकीकडे बघायला लागली, तेव्हा ‘फळ्याकडे लक्ष द्या’ म्हणून मी त्यांना दटावलं आणि उदाहरण पुरं केलं. मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, इनास गेला. सकाळी पानवेलीला पाणी सोडत होता, तिथेच छातीत कळ आली… महिना उलटला, पण त्या भागाकाराचा मला अजून राग येतो.

इनास केळी आणि पानवेलीचा बागायतदार, मी शाळामास्तर. बालवर्गापासून एकत्र. सह्याद्रीचं वेड मात्र माझं. नकाशे मी जमवायचो, आणि हरिश्चंद्रगडापासून भीमाशंकरपर्यंत घाटमाथ्याने चालत जायचं, दर हिवाळ्यात एक तुकडा, हा बेतही माझाच. इनासला डोंगरात काय बघायचं ते कळत नव्हतं. ‘केळ नाही, माड नाही, तिकडे करायचं काय?’ असं विचारत तो आला आणि पहिल्याच चढावर माझ्या पुढे निघून गेला! नाताळच्या दुसऱ्या दिवशी निघायचं हे ठरलेलं. घरचा सण टाकून तो येणार नव्हता आणि मला त्याच आठवड्यात रजा मिळायची. वाटेसाठी तो सुकेळी करायचा. राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवायची आणि केळीच्या सुक्या पानात घट्ट बांधायची. डोंगरात बसलो की एका सुकेळ्याचे दोन तुकडे करून मोठा माझ्या हातावर ठेवायचा. मी कधी ‘असू दे रे’ म्हटल्याचं आठवत नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही नाणेघाटातून निघालो. दुसऱ्या दिवशी, ढाकोबाच्या जवळपास, पाणी संपलं. खाली झाडीत झरा आहे असं माझा नकाशा म्हणत होता. ‘तुझ्या कागदावर भरवसा नाय बाबा,’ म्हणून इनासने पिशवीतून केळीच्या सोपटाच्या पट्ट्या काढल्या. खोडाच्या सालीच्या या वाळक्या पट्ट्यांनी आमच्याकडे पानवेल आधाराला बांधतात. परतीची खूण म्हणून दर दहा-वीस पावलांवर कारवीच्या फांदीला तो एक पट्टी बांधत गेला. गाठ सैल, पण न सुटणारी. वेलीला काच लागू नये म्हणून तशीच मारतात. झरा मिळाला, पोटभर पाणी प्यालो, मागे वळलो, तर एकही पट्टी जागेवर नाही. थोडं वर चढलो आणि चोराला रंगेहाथ पकडलं. म्हशींचा एक कळप चरत होता आणि एकीच्या तोंडातून शेवटची पट्टी लोंबत होती.

इनास मटकन खाली बसला. ‘आयला मास्तर, वाडीला कुंपण असतं रे! गुरं आत येतात कुठे? माझ्या ध्यानातच नाय आलं.’

मी पोट धरून हसलो आणि हसता हसताच एका सुट्या दगडावरून घसरलो. घोटा टम्म सुजला. पुढचा दीड दिवस इनासच्या खांद्यावर हात टाकून मी कसाबसा आहुप्यापर्यंत पोचलो. तिथून भीमाशंकर एका दिवसाच्या चालीवर. गावाच्या कडेला उभं राहून तो त्या वाटेकडे बराच वेळ बघत होता.

‘तू जाऊन ये, मी थांबतो,’ मी म्हणालो.

‘एकट्याने जायला ती काय माझ्या एकट्याची वाट आहे? पुढच्या वर्षी जाऊ.’

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मग मुलगी, घराचं काम, मुख्याध्यापकाची परीक्षा. दर डिसेंबरात इनास सायकलवरून यायचा, ओट्यावर टेकायचा आणि विचारायचा, ‘काय मास्तर, निघायचं?’ मी म्हणायचो, ‘पुढच्या वर्षी नक्की.’ तो कधी रागावला नाही. दोन दिवसांनी सुकेळ्यांचं पुडकं घरी यायचं आणि आम्ही ती चहाबरोबर खायचो. तो रागावला असता तर मी गेलो असतो का, हे मला खरंच माहीत नाही.

गेल्या रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी महिन्याचा मिस्सा, प्रार्थनाविधी, झाला. नंतर त्याच्या बायकोने, रोझाबायने, मला घरात बोलावलं आणि खुंटीवरची त्याची पिशवी पुढ्यात ठेवली. आत सुकेळ्यांचं पुडकं होतं आणि त्याखाली लाल कापडाच्या पट्ट्यांची गुंडाळी.

‘माझं जुनं लुगडं फाडलं हो त्यांनी,’ ती म्हणाली. ‘दिवाळीत. मी ओरडले, तर बोलले, ह्या गुरं खाणार नाहीत. औंदा मास्तर येतोय.’

मी यंदा येतो म्हणालो नव्हतो. यंदा त्याने अजून विचारलंही नव्हतं…

पिशवी आता माझ्या टेबलावर आहे. तिला त्याच्या वाडीचा, ओल्या मातीचा आणि केळीच्या चिकाचा वास येतो. एक पट्टी घेऊन मी खिडकीच्या गजाला त्याची ती गाठ मारून बघितली. वारा आला की सुटते, मी पुन्हा बांधतो. नाताळ आठ दिवसांवर आला आहे. या लेखाच्या शेवटी ‘आहुप्याला जाणार आहे’ असं लिहावं म्हणून बसलो होतो, पण अशी वाक्यं मी त्याला फार वर्षं ऐकवली. म्हणून आज सकाळी शाळेत रजेचा अर्ज देऊन आलो. पुडकं अजून उघडलेलं नाही. सुकेळ्याचे दोन तुकडे मला करावे लागतील, आणि मोठा कुणाच्या हातावर ठेवायचा, ते काही केल्या सुचत नाही.