सोडलेली कुस्ती
तालमीतली तेल-ताक घातलेली तांबडी माती कुठं उकरली, की तिच्या वासासरशी मला तेरणेकाठचा तो रविवार आठवतो. निजामाचं राज्य होतं, मी वीस वर्षांचा होतो आणि तेरच्या जत्रेतली शेवटची, चांदीच्या कड्याची कुस्ती माझी लागली होती. त्याच दुपारी नदीवर माझा बाप्तिस्मा होता. पाद्रीसाहेब वर्षातून एकदाच येत, आणि मागच्या वर्षी मी कुस्तीपायीच बाप्तिस्मा चुकवला होता. कुस्तीच्या तोंडावर वस्तादांच्या पाया पडून म्हणालो, "आज मी लढणार न्हाय." त्यांनी मला दहा वर्षं पोटच्या पोरासारखं घडवलं होतं. "नदी काय पळून जाती व्हय रं?" ते ओरडले. "नदी न्हाय पळत, वस्ताद. मागल्या साली म्याच पळालो." "मग तालमीची पायरी पुन्हा चढू नगंस," म्हणून त्यांनी पाठ फिरवली. मी डोळे पुसत नदीकडं धावत सुटलो. मागं हलगी कडाडत होती, आणि माझे बाहू नुसते स्फुरत होते. कमरेइतक्या पाण्यात उतरलो, तेवढ्यात जत्रेतून मोठी आरोळी उठली. कड्याची कुस्ती कुणीतरी मारली होती. त्याच क्षणी पाद्रीसाहेबांनी मला पाण्याखाली घेतलं. वर आलो तो आनंदानं ओरडतच. काठावर गाणाऱ्या बाया गाणं विसरून हसायला लागल्या. वस्ताद मात्र मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते अजून सलतं. ती कुस्ती मी नक्की मारली असती, हे आज म्हातारपणीही छातीठोकपणे सांगतो. आणि पुन्हा वीस वर्षांचा झालो, तरी नदीकडंच धावेन.