पट्टा तिरका घ्या, आप्पा

आमच्या खांद्यावरच्या रायफलीच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून आप्पा तो खसकन ओढायचे आणि म्हणायचे, "टोचतंय का? मला नगं सांगू, खांद्याला इचार." खांदा काय बोलणार! पण तो बोलेपर्यंत ते हलत नसत.

आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. निजामाच्या हद्दीला लागून आमचा कॅम्प होता आणि तिथं कोणी कोणाचं नाव विचारत नसे. उमरग्याकडचे लिंगायत व्यापारी, बैलांच्या पाठीवरून मिरची-गूळ नेणारे, इतकंच कळलं होतं. रझाकारांनी दुकान जाळलं तेव्हा सरहद्द ओलांडून आले. आमच्याकडं रायफली यायच्या त्या बिनपट्ट्याच्या. पट्टे करायचं काम आप्पांनी आपणहून घेतलं. "वझं म्हंजी काय, ते मला कळतंय," म्हणायचे.

तुम्ही म्हणाल, पट्ट्यात काय एवढं? आम्हालाही तसंच वाटायचं. एकानं कासरा बांधला, त्याचा खांदा मैलभरात सोलून निघाला. दुसऱ्यानं सोलापुरातून कोरं चामडं आणलं, ते पावलागणिक करकरायला लागलं. "पट्टा हाय का सनई?" आप्पा कडाडले. त्यांना पसंत एकच, जुन्या मोटेचं कातडं. वर्षानुवर्षं विहिरीच्या पाण्यात भिजून मऊ झालेलं, चार बोटं रुंद.

लांबी ठरवायची रीत तर औरच. पाठीवर रायफल देऊन आधी खुरपायला बसवायचे, मग रांगायला लावायचे, मग लिंबावर चढवायचे. एवढं करून बंदूक पुढं घसरली नाही की "साकु", म्हणजे पुरे. पट्टा छातीवरून तिरकाच हवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. लोंबता पट्टा ज्वारीच्या धाटाला अडकतो, कणीस हलतं, आणि हललेल्या कणसावर गोळी येते.

आणि हा माणूस स्वतः मात्र बंदूक एका खांद्याला अडकवायचा! सदऱ्याआड छातीवर गळ्यात बांधलेलं इष्टलिंग होतं. "त्येच्यावर कातडं यायचं न्हाय," एवढंच उत्तर. माझं डोकं फिरायचं.

"आप्पा, पट्टा तिरका घ्या. एक दिवस घात होईल."

"हुईल तवा बघू."

पौषात ओढ्यापलीकडच्या गावातून सांगावा आला, आज रझाकार येणार. आम्ही पाच जण दुपारी निघालो. डोक्याच्या वर गेलेल्या ज्वारीतून गावातली माणसं ओढ्याकडं काढायला लागलो. पोरं रडू नयेत म्हणून आया त्यांच्या तोंडावर पदर धरत होत्या. माझ्या पाठीवर एक पोरगं होतं. आप्पांनी एका म्हातारीला पाठीवर घेतलं, तिला चालताच येत नव्हतं. दोन पावलं टाकली की त्यांची बंदूक खांद्यावरून कोपरावर यायची. वर सारली की परत खाली. मागं गावात आरडाओरडा सुरू झाला.

"बंदूक माझ्याकडं द्या," मी म्हणालो.

"आन् मागनं आले तर? तू पोराला सांभाळ."

ओढ्याच्या काठी त्यांनी म्हातारीला खाली ठेवलं. गळ्यातलं लिंग काढून डोळ्यांना लावलं आणि डोक्याच्या रुमालात घट्ट बांधलं. मग पट्टा छातीवरून तिरका घेतला.

म्हातारीला त्यांनी परत पाठीवर घेतलं आणि मांडीभर पाण्यातून आम्ही पार झालो. तेवढ्यात कळलं, दोघी बायका ज्वारीत वाट चुकून मागं राहिल्यात. आप्पा वळले.

"नका जाऊ, आप्पा!"

"आता हात मोकळं हायत की," म्हणाले आणि पाण्यात उतरले.

थोड्या वेळानं त्या दोघी धावत पाण्यात आल्या. त्यांच्यामागं आप्पांच्या रायफलीचा आवाज झाला, परत झाला. मग पुष्कळ बंदुका एकदम वाजल्या. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

परत जाणं शक्य नव्हतं. एवढी माणसं सांभाळून न्यायची होती. म्हातारी मात्र काठावर बसून राहिली. "त्यो माझा लेक आल्याबिगर म्या हलणार न्हाय." तिला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. पोराला त्याच्या आईकडं देऊन मी म्हातारीला बळंच पाठीवर घेतलं.

वाटभर तिची मान मागंच वळलेली. वाऱ्यानं ज्वारी हलली की ती माझ्या खांद्यावर थोपटायची, "थांब रं बाबा, आला बघ." आणि सगळं कळत असूनही मी दर वेळी थांबायचो.